दोन श्रावण

शरदिनी : आधी बसा, नाना. नाही म्हणायचं असेल तर बसून म्हणा. तुम्ही उभ्यानं नाही म्हटलंत की पाठोपाठ निघूनही जाता.

नाना : बसतो. पण श्रीनिवासनं ते वाक्य वाचलं तर मी माईकसमोर तोंड उघडणार नाही.

श्रीनिवास : मी काय केलं आता? मला ताईंनी लिहून दिलंय ते मी वाचणार. ‘सुगम संस्कार सेवा घेऊन येत आहे ढुंढिराजशास्त्रींचा तिथीविचार. ज्यांची गणना कधी चुकत नाही.’ हेच ना?

नाना : हेच. त्यातला शेवटचा तुकडा.

शरदिनी : परवा त्या संस्कार सेवेच्या चौरसियाजींसमोर तुम्हीच म्हणालात, असू दे, जाहिरातीत असंच बोलतात.

नाना : परवा मला ठाऊक नव्हतं. काल संध्याकाळी तुझी आई रेडियो लावून गवार निवडत बसली होती. परवाचाच कार्यक्रम पुन्हा लागला होता. मी माझा आवाज ऐकला, शरू. मी एका बाईला चुकीचं सांगितलंय.

शरदिनी : कुठल्या बाईला?

नाना : सुरतेवाली. जिचा नवरा तिकडे कारखान्यात होता. तिकडेच गेला, आणि हिला कळलं दहा-बारा दिवसांनी. हातात फक्त कागदावरची इंग्रजी तारीख. वर्षश्राद्ध कधी करू, असं विचारत होती.

श्रीनिवास : हां, राजघाटच्या बाजूचा फोन. फार हळू बोलत होत्या. मी दोनदा म्हटलं, जरा मोठ्यानं बोला.

नाना : तिला मी सांगितलं, श्रावण, कृष्ण पक्ष, द्वादशी.

श्रीनिवास : मग? पंचांग बघताना चुकलं?

नाना : पंचांग बरोबर आहे. मी आपला श्रावण सांगितला. तिचा नाही सांगितला.

श्रीनिवास : नाना, मी भुसावळचा माणूस. बाबांची रेल्वेत बदली झाली म्हणून इकडे उत्तरेत आलो. मला हे तुमचं आपला-तिचा अजून नीट कळत नाही.

नाना : आपला महिना अमावास्येला संपतो. इथल्या लोकांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं नाव एकच असतं, कृष्ण पक्ष आला की वेगळं. आज आपल्या घरी आषाढ आहे. दाराबाहेर सावन.

श्रीनिवास : म्हणून आमच्या आईनं अजून श्रावण धरला नाही आणि गल्लीत कावडवाले नाचतायत.

नाना : तेच. आपण ज्याला श्रावण वद्य म्हणतो, त्याला हे लोक भादों म्हणतात. तो पक्ष महिन्यानं आहे. ती बाई सावन ऐकून बसली असेल. तिच्या सावनातली द्वादशी परवा सोमवारी आहे.

शरदिनी : म्हणजे ती सोमवारी श्राद्ध करणार.

नाना : सोमवारी करणार. वर्ष भरायच्या महिनाभर आधी. तिचे धाकटे दीर गावाहून यायचे आहेत, असं ती म्हणाली होती. ते लोक एकदा येतील, शरू. महिन्यानं पुन्हा बोलावलं तर म्हणतील, झालं ना एकदा, आता काय. आणि ज्या दिवशी तिचा नवरा गेला त्या दिवशी ती घरात नुसती बसून राहील, तिला कळणारसुद्धा नाही.

शरदिनी : तिच्या लक्षात नाही येणार का? तारीख आहे तिच्याजवळ.

नाना : येईल. आणि ती म्हणेल, शास्त्रीजी म्हणतात म्हणजे तिथी मागेपुढे होत असेल. आपल्या डोक्यापेक्षा ती माझ्यावर भरवसा ठेवेल. तेच तर मला खातंय.

शरदिनी : ठीक आहे. सोमवारी कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगा. उद्या रविवार, आपण हवेवर नाही. सोमवारी पहिली गोष्ट तीच.

नाना : सोमवारी सकाळी ती घाटावर असेल. रेडियो काखेत मारून जाणार आहे का?

श्रीनिवास : फोन करून सांगू की.

शरदिनी : कुठे करशील? आपला फोन जुना, नंबर दिसत नाही त्याच्यावर. नाव सांगितलं होतं तिनं?

श्रीनिवास : नाही. गुड्डूची अम्मा म्हणाल्या. मी सायकल काढतो, राजघाटला जाऊन विचारतो.

नाना : राजघाट म्हणजे एक घर आहे? आणि गुड्डू किती असतील तिथे? बाळा, ती मला जिथे भेटली तिथेच मी तिला भेटू शकतो. ह्या माईकवर. आणि आजच.

शरदिनी : आज नाही, नाना.

नाना : का?

शरदिनी : तुम्हाला माहीत आहे का ते.

नाना : तू सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे.

शरदिनी : आज पहिल्यांदा चौरसियाजींच्या नावानं तुमचा तिथीविचार जाणार. ते आपल्या ऑफिसात चार लोकांना घेऊन ऐकत बसलेत. दुपारी कागदावर सही करायला येणार. वर्षभराचं काम पक्कं होतं. आणि तुम्ही सुरुवातच करणार, मी चुकलो म्हणून. त्यांचा धंदा काय आहे? लोक फोनवरून श्राद्ध सांगतात, हे इथे करून देतात. त्यांना काय विकायचंय? भरवसा. तो तुम्ही पहिल्याच दिवशी फोडून ठेवणार.

नाना : मग त्यांनी भरवसा स्वतःचा विकावा. माझा का?

शरदिनी : कारण त्यांच्याजवळ नाही. तुमच्याजवळ आहे.

श्रीनिवास : ताई, वेळ होत आलाय. पहिले फोन मी घेतो, ते सगळं नेहमीचंच आहे. कबीरचौऱ्याची गटार, ब्रह्माघाटावरचा तो पिसाळलेला साँड, पाणी किती चढलं, नावा बंद का चालू. तिथीविचार शेवटी. तोवर तुमचं काय ते ठरवा.

शरदिनी : ठरलंय. नाना, मी एक मधला रस्ता सांगू? चूक म्हणू नका. एवढंच म्हणा, राजघाटवाल्या बहनजींनी पुन्हा एकदा फोन करावा. बस. तिनं केला की तिला वेगळं सांगा, माईक बंद ठेवून.

नाना : आणि तिनं नाही ऐकलं? किंवा ऐकलं आणि तिला वाटलं दुसरी कुणी? आणि परवा ते एकटीनंच ऐकलं का? माझं सांगणं ऐकून आणखी कुणी आपल्या घरी तेच धरलं असेल. गोल बोलून नाही चालायचं. महिना कुठला, दिवस कुठला, मी काय चुकलो, हे तीन मला साफ बोलावं लागेल.

शरदिनी : साफ बोला आणि महिनाअखेरनंतर हा माईक बघायला मिळायचा नाही.

नाना : म्हणजे?

शरदिनी : रेडियो चालवणाऱ्या ट्रस्टवाल्यांनी मला सांगून ठेवलंय. महिनाअखेर कायमचा जाहिरातदार नाही मिळाला, तर सकाळचा हा बोलण्याचा तास बंद. त्या जागी भजनं. कंप्युटरमधून सुटतात, त्यांना श्रीनिवास लागत नाही, फोन लागत नाही, तुम्ही लागत नाही.

श्रीनिवास : हे मला नाही सांगितलंत, ताई.

शरदिनी : तुला सांगून काय करणार होते? तू हवेवर हसत बोलतोस ते तसंच राहू दे म्हटलं.

नाना : मलाही नाही सांगितलंस.

शरदिनी : तुम्ही कधी विचारलंत? दहा वर्षं मी हे करते. तुम्ही तिथी मुफ्त सांगता, लोक तुमच्या पाया पडतात. पडू देत, मला बरंच वाटतं. पण तुमचा आवाज इथून राजघाटला जातो तो कशाच्या जोरावर? ठठेरी बाजारातला लोटेवाला, पंचगंगा घाटावरचा फुलवाला, दुर्गाघाटाच्या गल्लीतला तो शिंपी, ह्यांच्या जोरावर. आणि त्यांना इथवर आणतं कोण?

नाना : मला ते तुझं हिंडणं कधी आवडलं नाही. शास्त्र्याच्या घरातली मुलगी दुकानोदुकानी उभी. पण मी बोललो नाही.

शरदिनी : बोलला नाहीत. पण मी दुकानासमोर दिसले की तुम्ही दुसऱ्या गल्लीनं जाता. मला दिसतं, नाना. पाठमोरे असलात तरी उपरणं ओळखू येतं.

श्रीनिवास : मी चहा सांगून येऊ का?

शरदिनी : बस तिथेच. आता तो शिंपीही देत नाही. म्हणतो, बिटिया, गिऱ्हाईक मोबाइलवर बघून येतं. लोटेवाला फक्त धनत्रयोदशीला देतो. चौरसियाजींना गाठायला मला सहा महिने लागले. सहा महिने मी त्यांच्या जिन्यात उभी राहिले. आणि ते कार्यक्रमासाठी नाही आले, तुमच्यासाठी आले.

नाना : तुझ्या कष्टांना मी नाही म्हणत नाही.

शरदिनी : मग एका बाईसाठी तुम्ही सगळ्यांचा तास बंद पाडणार? तो गटारवाला, तो नाववाला, पोर हरवलं म्हणून रडत फोन करणारी ती मडक्यांवाली, ह्यांनी कुठे जायचं?

नाना : एका बाईला चुकीचं सांगून गप्प बसायचं असेल तर तो तास कशासाठी चालू ठेवायचा, एवढं तू मला सांग. मी मग उठतो आणि गुपचूप घरी जातो.

शरदिनी : तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पण नाना, एक कळत नाही मला. तुम्ही तर रोज दोन्ही सांगता. मी ऐकत आलेय. ‘आमच्याकडे श्रावण, तुमच्याकडे भादों, तुम्ही भादोंत करा.’ झोपेतसुद्धा म्हणाल. परवाच कसं राहिलं?

नाना : राहिलं.

शरदिनी : असं राहत नाही तुमचं.

नाना : वय झालं.

श्रीनिवास : ताई.

शरदिनी : काय?

श्रीनिवास : परवा चौरसियाजी बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांच्या जाहिरातीचा नमुन्याचा स्पॉट त्यांच्यासमोर ठरल्या वेळेला वाजायला हवा होता. नाना बोलत होते, आणि तुम्ही काचेतून हात फिरवलात. आटपा म्हणून.

शरदिनी : मी फिरवला?

श्रीनिवास : नाना ‘श्रावण’ म्हणाले, तुमचा हात बघितला आणि थांबले. मी लगेच स्पॉट सोडला.

शरदिनी : नाना?

नाना : हात कुणाचा होता ते असू दे. तोंड माझं होतं. मी आणखी चार शब्द बोललो असतो तर तू काय माझा गळा धरणार होतीस?

शरदिनी : तुम्ही मला हे सांगणार नव्हतात.

नाना : नव्हतो. सांगून तुझ्या जिवाला घोर कशाला?

श्रीनिवास : माफ करा, मी सांगायला नको होतं. पण आता खरंच वेळ झाला. नाना, तुम्ही आत चला. ताई, मी ते वाक्य कसं वाचू?

शरदिनी : शेवटचा तुकडा गाळून वाच.

श्रीनिवास : आणि चौरसियाजींनी विचारलं तर?

शरदिनी : विचारतील तेव्हा बघू. नाना, मी तुम्हाला सांगा म्हणत नाही आणि सांगू नका असंही म्हणत नाही. माझं डोकं चालत नाहीये. एवढं करा, आधी दोन फोन घ्या. लोकांना जरा रमू दे. मग काय ते.

नाना : बघतो.

(बोलण्याचा तास संपत आला आहे. नाना काचेपलीकडे माईकसमोर. शरदिनी आणि श्रीनिवास अलीकडे, त्यांचा माईक बंद. हवेवरचं आणि फोनवरचं बोलणं हिंदीत चाललं आहे. इथे ते आपल्या भाषेत.)

नाना : नमस्कार. आज फोन घेण्याआधी मला काही सांगायचं आहे.

श्रीनिवास : दोन फोन घ्या म्हटलं होतं तुम्ही.

शरदिनी : मला ठाऊक होतं नाही घेणार.

नाना : परवा राजघाटहून एका बहिणीनं मला विचारलं होतं. तिचे पती दूर सुरतेला वारले, वर्षश्राद्धाचा दिवस तिला हवा होता. मी तिला श्रावण सांगितला. तो आम्हा दक्षिणी लोकांचा श्रावण. तिच्या घरी त्याला भादों म्हणतात. दुसरं नाव मी सांगितलं नाही. ही माझी चूक आहे. पंचांगाची नाही, तिचीही नाही.

शरदिनी : चौरसियाजींचा फोन.

श्रीनिवास : नका घेऊ.

शरदिनी : घेतला नाही तर ते ट्रस्टला लावतील. हां, नमस्कार चौरसियाजी. ऐकतेय, मीही ऐकतेय. नाही, त्यांना काही झालेलं नाही, तब्येत चांगली आहे. हो, ते चूकच म्हणाले.

नाना : बहिणी, येत्या सोमवारी करू नकोस. तुझ्या दिरांना बोलावलं असशील तर थांबव. सोमवारी करशील तर ते वर्ष भरायच्या आधी होईल. भादोंतली कृष्ण द्वादशी, महिन्यानं. घाई नाही, अजून वेळ आहे.

शरदिनी : तुमचं म्हणणं मला समजतं. पण तिला कळवायला दुसरा रस्ता नव्हता. नाही हो, तुमच्या नावाला कसा धक्का? तुमचं नाव तर सुरुवातीला. बरं. बरं, तो तुकडा मी गाळायला सांगितला. मी सांगितला, श्रीनिवासनं नाही.

श्रीनिवास : काय म्हणतायत?

शरदिनी : एक मिनिट, चौरसियाजी. म्हणतायत, आत्ताच्या आत्ता स्पॉट वाजवा आणि यांना बंद करा. मग ते विसरून जायला तयार आहेत.

श्रीनिवास : वाजवू? माझं बोट बटणावर आहे. नानांना कळणारही नाही, ते बोलतच राहतील.

शरदिनी : त्यांचं झालं?

श्रीनिवास : अजून नाही. ती अर्धी गोष्ट झाली. बाकीच्यांना सांगायचंय म्हणत होते.

शरदिनी : परवाही अर्धीच झाली होती.

श्रीनिवास : ताई, काय करू?

शरदिनी : बोट काढ.

श्रीनिवास : नक्की?

शरदिनी : काढ म्हणते ना. चौरसियाजी, तुमचा स्पॉट वाजेल. शास्त्रीजींचं बोलून झालं की वाजेल. मधे नाही वाजणार. नाही, ते माझे वडील आहेत म्हणून नाही. वडील घरी. इथे ते बोलतायत आणि लोक ऐकतायत. हो. समजलं मला. दुपारी यायची तकलीफ घेऊ नका. नमस्कार.

श्रीनिवास : गेले?

शरदिनी : गेले.

नाना : आणि परवा माझं ऐकून आणखी कुणी हाच दिवस धरला असेल तर त्यांनीही आपली तारीख मला पुन्हा विचारावी. मी इथेच आहे. लाज वाटून घरात बसण्यापेक्षा विचारलेलं बरं. मलाही आज तेच करावं लागलं.

श्रीनिवास : फोन लुकलुकतोय.

शरदिनी : चौरसियाजींचा माणूस असेल. उचल आणि सांग, मी नाही.

श्रीनिवास : हॅलो, बोला. कोण? जरा मोठ्यानं बोला. ताई. ताई, तीच आहे.

शरदिनी : कोण?

श्रीनिवास : गुड्डूची अम्मा. हां, अम्माजी, हवेवर घेऊ का तुम्हाला? बरं, नको. नाही घेत. नको म्हणतायत, घरातले जेठ, म्हणजे थोरले दीर, शेजारच्या खोलीत रेडियो ऐकतात.

शरदिनी : दिरांना बोलावलंय का विचार. आधी ते विचार.

श्रीनिवास : अम्माजी, गावाहून लोक निघाले का? नाही? कळवलंच नाही? का? हां. हां, ऐकतोय मी.

शरदिनी : काय म्हणते? श्रीनिवास, काय म्हणते ती?

श्रीनिवास : म्हणतायत, पंडितजी रोज दोन महिने सांगतात, एक त्यांचा आणि एक आमचा. मी दोन वर्षं ऐकते. परवा मला एकच सांगितला. मला वाटलं, माझा अजून सांगायचा राहिलाय.

शरदिनी : मग?

श्रीनिवास : म्हणून थांबले. काल लावून बसले, आज लावून बसले. म्हणतायत, मला माहीत होतं, ते अर्धं सोडणार नाहीत.

शरदिनी : थँक्यू म्हण तिला. नाही, थांब, तसं नको. काही म्हणू नकोस. भादोंत कुठल्या घाटावर करणार विचार आणि नानांना हेडफोनमधून कानात सांग, ती भेटली म्हणून.

श्रीनिवास : तुम्ही सांगा ना कानात. हे बटण.

शरदिनी : फोन तू घेतलास. तू सांग.

श्रीनिवास : नाना, तिचा फोन आलाय. तीच. तिनं कुणाला कळवलेलं नाही. तुमच्या दुसऱ्या महिन्याची वाट बघत बसली होती.  





 

नाना : ती बहीण भेटली. बरं झालं. पुढचा फोन घेऊ या.

श्रीनिवास : ताई, स्पॉट वाजवू ना शेवटी?

शरदिनी : वाजव. शब्द दिलाय. त्यांनी पाठ फिरवली म्हणून आपण नाही फिरवायची.

श्रीनिवास : वाजला. संपलं. नाना, या बाहेर. हेडफोन काढा, वायर अडकेल.

नाना : चौरसिया?

शरदिनी : नाही येणार.

नाना : माझ्यामुळे.

शरदिनी : तुमच्यामुळे नाही. मी नको म्हटलं. रागावून म्हटलं नाही, हात जोडून म्हटलं, पण म्हटलं.

नाना : आणि हा तास?

शरदिनी : महिनाअखेरपर्यंत आहे. तोवर काही उभं करायचं. एक मोठा नाही मिळाला, तर पुन्हा छोटे धरायचे. बघू किती जमतात. नाही जमले तर भजनं.

श्रीनिवास : ताई, त्या अम्माजींचा फोन टेप झालाय आपल्याकडे. दुकानदारांना तोच ऐकवा. एक शब्द बोलावा लागणार नाही तुम्हाला.

शरदिनी : खरंच की. ह्याच्याइतकी जाहिरात मी जन्मात लिहिली नसती.

नाना : तिनं हवेवर नको म्हटलं होतं ना?

श्रीनिवास : दुकानात म्हणजे काही हवेवर नाही, नाना.

नाना : तिच्या दृष्टीनं तेच.

शरदिनी : पुसून टाक, श्रीनिवास.

श्रीनिवास : ताई, विचार करा. सोनं आहे ते.

शरदिनी : विचार केला. म्हणून तर म्हणते, मी आणखी विचार करायच्या आत पुसून टाक.

नाना : आता कुठे निघालीस? आजच?

शरदिनी : आजच. सोमवारी कावडवाल्यांच्या गर्दीत दुकानदार मान वर करत नाहीत. पंचगंगा घाटापासून धरते, मग दुर्गाघाट, जमलं तर शिंदे घाटापर्यंत. तुम्ही घरी जा, आई वाट बघत असेल.

नाना : दुकानात गेल्यावर आधी काय बोलतेस?

शरदिनी : आधी काही नाही. बाहेर उभी राहते. गिऱ्हाईक असतं ना. ते जाईपर्यंत थांबायचं.

नाना : आणि ते गेल्यावर दुसरं आलं तर?

शरदिनी : तर तेही जाईपर्यंत.

नाना : उन्हात?

शरदिनी : गल्लीत ऊन कमी असतं. पावसात जरा दिक्कत होते. वरच्या मजल्याचं पाणी नेमकं पायरीवरच पडतं.

नाना : आणि बस म्हणत नाहीत?

शरदिनी : काही म्हणतात. मग बसलं की लगेच नाही म्हणतात. म्हणून मी उभीच राहते.

नाना : श्रीनिवास, तुझी ती छत्री दे. आणि आमच्या घरी एक फोन लाव. शरूच्या आईला सांग, आम्हां दोघांना जेवायला उशीर होईल.